शेजारची सीट

उमाशंकर अप्पांच्या ट्रॅव्हल्समध्ये शिवानी आली, त्या दिवसापासून दामिनीला ऑफिसातला चहा गोड लागेना. लातूरच्या ऑफिसचं ऑनलाइन बुकिंगचं पान दामिनीनं एकटीनं उभं केलेलं. शिकवायला कुणी नव्हतं. काउंटरवर तिकिटं फाडता फाडता, मोबाइलवर व्हिडिओ बघत, चुकत आणि स्वतःलाच शिव्या घालत ती शिकली. आणि ही नांदेडची पोरगी कॉलेजातून उठून खुर्चीवर येऊन बसली, तर ड्रायव्हरसुद्धा तिला 'मॅडम' म्हणायला लागले. दामिनी मात्र अजून 'ताई'च.

नांदेडला नवं ऑफिस निघणार होतं. तिथलं सगळं काम दोघींपैकी कुणाच्या हाती द्यायचं, हे अप्पा शिवानी बनवत असलेलं नवं बुकिंगचं पान सुरू झालं की ठरवणार होते. दामिनीचा जीव त्यातच अडकलेला.

दामिनीची रीत जुनी. एकच नियम दोनदा लिहायचा. एकदा ऑफिसच्या सर्व्हरवर, आणि एकदा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चालणाऱ्या ब्राउझरच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकानं चुकीची सीट दाबली की पान तिथल्या तिथं टोकतं. शिवानीनं ही दुहेरी मजुरीच मोडीत काढली. नियम फक्त सर्व्हरवर. तिथला टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, पान तयार करतानाच ब्राउझरची स्क्रिप्टही आपल्या आपण लिहून धाडायचा.

"म्हंजे एकाच चुलीवर दोन्ही घरचा सैपाक!" अप्पा खूश झाले. "दामिनी, तुला कसं सुचलं न्हाई गं हे?"

सुचलं नाही, तेच तर झोंबत होतं. सासूनं सुनेच्या भातात खडा शोधावा, तशी दामिनीनं ती आपोआप निघालेली स्क्रिप्ट ओळ न् ओळ चाळली. खडा सापडेना. उलट ओळी इतक्या नेटक्या, की तिच्या पोटात दुखायला लागलं.

सापडला तो खडा तिचा स्वतःचाच होता. एकट्या बाईच्या शेजारची सीट बाईलाच, हा नियम सर्व्हरवर तिनं मागं लिहिला होता. त्यात नवराबायकोच अडायला लागले, तेव्हा तिनं सर्व्हरवरची तपासणी बंद करून टाकली आणि 'एकाच तिकिटावर असतील तर बसू द्या' ही सवलत फक्त ब्राउझरच्या स्क्रिप्टमध्ये घातली. ती हातची स्क्रिप्ट आता जाणार होती, आणि तिच्याबरोबर सवलतही.

शिवानीनं विचारलं होतं. "ताई, सर्व्हरवर सगळे नियम हायेत ना? बंद हायेत ते मी चालू करून राहिले."

"हाव, सगळे हायेत," दामिनी तेव्हा बोलून गेली होती. आता सवलतीचं आठवलं, तर शिवानी समोरच डबा उघडून बसलेली. दामिनीनं तिच्या डब्यातली शेंगाची चटणी घेतली, छान झालीय म्हणाली, आणि गप्प राहिली.

उद्घाटनाला कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला. पहिलं तिकीट अप्पांचं आणि त्यांच्या बायकोचं, शिवम्माक्कांचं. भाच्याच्या साखरपुड्याला नांदेडला निघालेले. अप्पांनी अक्कांना खिडकी दिली आणि शेजारची सीट स्वतःसाठी दाबली. लाल अक्षरं उमटली: 'ही जागा फक्त महिलांसाठी.'

अप्पांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"अय्यो!" अक्का पदराआड हसल्या. "आपलं लग्न लागलेलं हाय की न्हाई, त्या मशीनला इचारा एकदा!"

सगळं ऑफिस हसलं. अप्पा तेवढे हसले नाहीत. "शिवानी, हे काय गं?"

दामिनीच्या मनात पेढे वाटले गेले. आता पोरगी बोट दाखवणार, मग आपण म्हणायचं, मला कुठं आठवतंय.

शिवानीचा चेहरा पडला. तिनं दामिनीकडं एकदाच पाहिलं. "माझंच चुकलं, अप्पा. मी नवराबायकोचं बुकिंग करून बघायला पाहिजे होतं."

दामिनीच्या मनातला पेढा कडू झाला. हे बघा! हुशारीत ही पुढं, नेटकेपणात ही पुढं, आता चांगुलपणातही हीच पुढं? एवढं एक तरी आपल्याला ठेवायचं होतं!

"तिचं काय चुकलं?" दामिनी ताडकन उठली. "तिनं मला इचारलं होतं. मी सगळं हाय म्हणलं. मागनं आठवलं, तरी सांगितलं न्हाई."

"का गं?" अप्पांनी विचारलं.

"जळत होते म्हणून. आणखी का?"

शिवानीनं कीबोर्ड दामिनीकडं सरकवला. दामिनीनं सवलतीची ओळ सर्व्हरवरच्या नियमात घातली. सवयीनं ब्राउझरच्या स्क्रिप्टची फाइल उघडायला हात गेला, आणि थांबला. पान नव्यानं उघडलं, तर टेम्प्लेटनं तिची ओळ ब्राउझरच्या स्क्रिप्टमध्ये कधीच लिहून टाकली होती. अप्पांची सीट हिरवी झाली.

"नांदेडला शिवानी बसंल," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कडकच होता. "तुझं पुढं बघू."

दामिनीनं मान डोलावली. वाईट वाटलं, खोटं कशाला.

"ताई," शिवानी हळूच म्हणाली, "नांदेडचे नियम लिहिले की तुम्हाला दाखवू का?"

"दाखव," दामिनी म्हणाली. "आन् येताना चटणी आण. तेवढी तर मला तुझ्यापेक्षा चांगली जमंल, पण शेंगा भाजायचा कट्टाळा येतो."