टोपड्याचं भांडण

मी एक जुना रेकॉर्डर आहे. माझ्या बटणांचा रंग उडाला आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या खोलीत माझी नोकरी. आईला जवळ येता येत नसेल, तर तिचा आवाज मी बाळाला ऐकवतो. काम सोपं आहे मित्रांनो, पण माणसं ते सोपं ठेवतील तर शपथ!

त्या मूठभर बाळाचंच घ्या. ते मधूनच श्वास घ्यायला विसरायचं. विसरलं की यंत्र किंचाळायचं आणि सिस्टर धावायच्या. आई तापाने फणफणलेली, पलीकडच्या खोलीत. तिला इकडे यायला बंदी. सिस्टरनी मला तिच्यापुढे धरलं. "मऊ बोला हं, अगदी गोड."

आई शिलाईच्या कारखान्यातली. यंत्रांच्या खडखडाटात मोठ्यानं बोलायची तिला सवय. पण ती बिचारी बातम्या वाचल्यासारखी म्हणाली, "बाळा, मी तुझी आई बोलत आहे." पेटीत मी तेच तेच वाजवलं. बाळ तळमळतच राहिलं, यंत्र किंचाळतच राहिलं. सिस्टरनी मला टेबलावर आपटलं.

"हे डबडंच बिघडलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जे ऐकलं तेच वाजवलं, यात माझं काय चुकलं?

त्यांनी मला पुन्हा आईकडे नेलं, चालू करून उशाशी ठेवलं आणि कुणाची तरी हाक आली म्हणून त्या गेल्या. तेवढ्यात बाबा नवं टोपडं घेऊन आले.

"अहो, हे टोपडं आहे की पिशवी? आपलं बाळ केवढं, हे केवढं! अख्खं मावेल आत!"

"मोठं होईलच की," बाबा पुटपुटले.

"होईल ना हो? नक्की होईल ना?" ती रडू लागली आणि रडता रडता पुन्हा टोपड्यावरून बोलू लागली.

परत आलेल्या सिस्टरनी न ऐकताच मला पेटीत ठेवलं आणि बारीक आवाजात लावलं. बाळाचे झाडणारे हात थांबले. कपाळावरची आठी गेली. ते कान देऊन ऐकत होतं, आणि श्वास एका लयीत चालला होता. यंत्र गप्प झालं.

आईला कळलं तेव्हा ती लाजून चूर झाली. "अगंबाई! पुसून टाका ते. नवऱ्याला बोललेलं बाळाला ऐकवतात का?"

"मुळीच पुसणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पोटात असल्यापासून त्यानं हेच ऐकलंय."

बाळ धडधाकट होऊन घरी गेलं. टोपडं तेव्हाही डोळ्यांवर येत होतं. मला मात्र कुणी 'आमचं चुकलं' म्हटलं नाही. आणि काल एक नव्या सिस्टर आल्या, मला एका आईपुढे धरून म्हणाल्या, "मऊ बोला हं!" आता काय करावं या लोकांना?

मित्रांनो, मला आपटू नका, ओल्या हातांनी धरू नका. आणि कुणी मला तुमच्यापुढे धरलंच, तर घरात बोलता तसं बोला. रागवा, रडा, चालेल. पेटीतलं ते मूठभर माणूस जगात तेवढा एकच आवाज ओळखतं.