बू नबीलच्या कॅम्परला मुशीचं तेल

थंड देशांतले लोक हिवाळा लागला की आपली चाकांवरची घरं धुऊनपुसून झाकून ठेवतात. कुवेतमध्ये हाच कार्यक्रम मार्चअखेर, उन्हाळ्याच्या तोंडावर होतो. कारण इथला माणूस हिवाळ्यातच कॅम्पर घेऊन वाळवंटात राहायला जातो आणि अठरा अंशांत 'काय ही थंडी' म्हणत शेकोटी पेटवतो. उरलेले आठ महिने कॅम्परची काळजी वाहायला तौफीक मजगावकर असतो.

तौफीक मूळचा दाभोळ खाडीकाठचा. बावीस वर्षं तो बू नबील या कुवेती मालकाकडे कामाला होता. राहायला फरवानियात, सहाजणांच्या खोलीत. दिवसभर अहमदीपलीकडच्या यार्डात, कॅम्परच्या सोबतीला. त्याची बायको नूरी गावी. बावीस वर्षांत तिने कुवेत पाहिलं ते मोबाइलच्या पडद्याएवढं, आणि त्यातही अर्ध्या पडद्यावर तौफीकचं कपाळ.

यंदा मात्र तिच्या व्हिजिट व्हिसाचं जमलं. बू नबीलने शब्द दिला, "नोव्हेंबरचा पहिला आठवडा कॅम्पर तुझा. बायकोला वाळवंट दाखव. पण जसा पांढरा आत ठेवशील, तसाच पांढरा बाहेर निघाला पाहिजे."

त्या रात्रीपासून नूरीच्या चौकशा सुरू झाल्या.

"अवो, वालूत चालाया चपला कसल्या आणू?"

"तू दर्याकाठी जन्मलीस ना? मग?"

"त्या वालूला पाणी असतंय. ही कोरडी. इचारलेलं बरं."

कॅम्पर पांढरा राखायला बू नबीलने भारी पॉलिशचा डबा दिला होता. पण दरवर्षी ऑगस्टपर्यंत ते पॉलिश उन्हाने पापडासारखं तडकायचं. यंदा जोखीम नको, म्हणून तौफीकने घराण्याचा उपाय काढला. त्याचा बाप पावसाळ्याआधी होडी ओढून दारात ठेवायचा, तिला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल चोपडायचा आणि वरून माडाच्या झापांनी शाकारायचा. चार महिन्यांनी होडी नव्या नवरीसारखी निघायची.

मुशीचं तेल भाचा रेहानने गावाहून आणलं, लोणच्याच्या बरणीतून. विमानतळावर कस्टमवाल्याने बरणीचं झाकण उघडलं, तितक्याच तत्परतेने लावलं आणि रेहानची उरलेली बॅग न तपासता त्याला निरोप दिला.

तौफीकने कॅम्पर धुतला, खिडक्यांची रबरं पुसली, टायरांवरचा भार उतरवायला खाली ठोकळे दिले आणि सगळ्या अंगाला तेल चोपडलं. वर ताडपत्री घातली, पण खालून सैल. वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर लाकूड कुजतं, असं बाप सांगायचा.

रेहान म्हणाला, "मामू, हा फायबरचा आहे."

"तू गप. होडीत बसलायस कधी?"

बापाच्या शास्त्रात एकच उणीव होती. त्यात पावसाचा बंदोबस्त होता, धुळीचा नव्हता. जूनमध्ये वावटळ आली. सैल ठेवलेल्या फटीतून वारा आत शिरला, मनसोक्त खेळला आणि ताडपत्री घेऊन सौदीच्या दिशेने गेला. धूळ ओसरली तेव्हा कॅम्पर रव्यात घोळलेल्या पापलेटासारखा उभा होता. पुढे पन्नास अंशांच्या उन्हाने तो तळूनही काढला.

मग सुरू झाली घासाघीस. दुपारी उघड्यावर काम करायला सरकारची बंदी, म्हणून तौफीक पहाटे यायचा. साबण झाला, व्हिनेगर झालं, घासलेट झालं. वरची वाळू निघाली. खालची बसली ती बसलीच. वासाचं तर विचारूच नका. यार्डातली मांजरं वाढली.

"कॅम्पर कसा हाय?" नूरी फोनवर विचारायची.

"अंघोळ घालतोय," तौफीक म्हणायचा. यात खोटं काही नव्हतं.

ऑक्टोबरअखेर बू नबील आला. दहा पावलांवरच थांबला, नाकाला रुमाल लावला.

"शिनू हाधा? हे काय आहे, तौफीक?"

तौफीकने बापापासून बरणीपर्यंत सगळं सांगितलं. बू नबीलने शांतपणे ऐकलं.

"पांढरा आहे का?"

"नाही, बू नबील."

"मग वाळवंटात जाणार नाही. बाजूवर माझ्या घराण्याचं नाव आहे. लोक विचारतील, या घराण्याने मासळीचा धंदा कधी सुरू केला?" तो गाडीपाशी गेला आणि परत वळला. "आठवडा तुझाच. पण फाटकाच्या आत."

नूरी आली. नव्या बंद चपला घालून आली. फाटकातून आत शिरताना तौफीकने तिला कबुलीजबाब दिला, एका दमात, खाली बघून. समोर चार भिंती, सात मांजरं आणि एक भुरकट डबा.

नूरी पुढे झाली. कॅम्परपाशी गेली, त्याला नाक लावावं तशी वाकली आणि तशीच उभी राहिली.

"वास येतो," तौफीक ओशाळून म्हणाला. "खिडक्या उघडतो."

"ऱ्हावं द्या." ती पाठमोरीच म्हणाली. "आपलं लगीन झालं त्या साली दारात होडी होती. हाच वास. चार म्हैने घरभर. होडी दर्यात गेली, आन् तुमी इकडं."

तौफीकला ते चार महिने आठवले. एवढ्या वर्षांत सुट्टी मिळाली ती कधी एप्रिलात, कधी डिसेंबरात. दारात होडी असताना त्यानंतर तो घरी कधी नव्हताच.

"तुला वाळवंट दाखवायचं होतं," तो म्हणाला.

"हे काय हाय मंग?" नूरीने कॅम्परवर नख ओढलं. चिमूटभर वाळू सुटली. ती तिने ओढणीच्या टोकात घेतली. "गावच्या बायकांना दाखवाया. नायतर कोण इस्वास ठेवंल?"

साबण, व्हिनेगर आणि घासलेटाला न जुमानलेली वाळू तिच्या नखाला बिनतक्रार येत होती. ती पुन्हा हात पुढे करणार, तोच तौफीकने तिचं मनगट धरलं.

"सावकाश," तो म्हणाला. "सगळी आजच काढू नको."