नखाने वाचायची पट्टी

पितळेची पट्टी, वीतभर, एका कडेला खाचा... इतकंच दिसलं आधी, आणि तेही ती तिरकी धरल्यावर, खिडकीतलं ऊन खाचांमध्ये अडलं म्हणून. दर पाच मिलिमीटरला उथळ खाच, दर दहाला खोल, आणि एका टोकाला एकेका मिलिमीटरच्या पाच पायऱ्या, मुंगीसाठी कापल्यासारख्या. सरांनी अंगठ्याचं नख कडेवरून सरकवलं. टक्... ठक्. टक्... ठक्. कार्यशाळेत नववीचा वर्ग घासत होता, कापत होता, सरसाच्या डब्यावरून भांडत होता, उद्या बाहेरचे परीक्षक यायचे होते. पण त्या सगळ्या गोंगाटात सरांना आपल्या नखाचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू आला.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं. वर्षानुवर्षं प्रत्येक वस्तूला हाच पहिला प्रश्न. वापरणाराच नाही ती वस्तू शोकेसमध्ये ठेवा, माझ्या टेबलावर नको.

पट्टी करून आणलेली मुलगी समोर उभी होती. एरवी वर्ग तिला 'कानस' म्हणायचा, जीभ तशीच घासणारी म्हणून. तिने फक्त निरीक्षणाची वही पुढे केली.

"तूच वाच. मोठ्याने. आपलं लिहिलेलं आपल्याला वाचता यायला हवं."

"ही नववी वेळ, सर," ती हळूच म्हणाली.

कशाची, हे त्यांनी विचारलं नाही; दुसऱ्याकडून वाचून घेण्याची, हे त्यांना कळलं होतं. ती वाचू लागली, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशी. "सोमवार. सरांनी पट्टी स्वतः धरली, आकडा मागच्या बाकावरच्या बुटक्याकडून वाचून घेतला. म्हणाले, सराव होतो. मंगळवार. सरळ रेघ तपासताना मान डावीकडे वळवली, दोनदा. बुधवार..."

बुधवारी काय केलं होतं मी? महिन्यापूर्वी याच फळ्यासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं होतं — एक माणूस निवडा, आठवडाभर नुसतं बघा, विचारू नका. माणूस आपली अडचण सांगत नाही, ती टाळायच्या युक्त्या करतो. तुम्ही युक्त्या टिपा. सांगताना स्वतःवरच खूश झाले होते. आणि ही पोरगी तिसऱ्या बाकावर बसून त्यांच्याच युक्त्या टिपत होती! चष्मा दोनदा बदलून झाला होता, तरी सरळ रेघेला मधोमध पोट सुटायचं ते सुटायचंच. बायको म्हणायची, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला काय मुहूर्त काढायचाय? डॉक्टर काय सांगेल त्याचीच तर भीती होती. नजर ठीक असल्याचा दाखला मिळाला नाही तर यंत्रं दुसऱ्याच्या ताब्यात, आणि आपण वरच्या मजल्यावर, पुस्तकातला धडा शिकवायला. ऑफिसातल्या कारकुनाने दाखला तीनदा मागितला होता. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात... करवत मी हल्ली आवाजावरून चालवतो, हे या वहीत आहे का?

पण नख थांबत नव्हतं. बाकावर लाकडाचा तुकडा पडला होता, त्याला त्यांनी पट्टी लावली. ठक्, ठक्, ठक्, ठक्, म्हणजे चाळीस. उरलेल्याला पायऱ्यांचं टोक लावलं. एक, दोन, तीन.

"त्रेचाळीस," ते म्हणाले.

मुलीने आपली साधी पट्टी लावून बघितली. "त्रेचाळीस."

दीड वर्षात पहिल्यांदाच आकडा कुणाला न विचारता आला होता. त्यांनी खिळा मोजला. खोडरबर मोजलं. बाकाच्या फळीची जाडी मोजली — पंचवीस, रोज हात टेकून उभं राहायची फळी — आणि कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं पोटातून हसू येऊ लागलं.

"सर खूश दिसतात," बुटक्या मागून म्हणाला. "बहुतेक सुट्टी जाहीर होणार."

"तू खुर्चीचा चौथा पाय बसव आधी," सर म्हणाले, आणि नख सत्तरवर घुटमळलं. परत नेलं. परत घुटमळलं. "सत्तरची खाच उथळ आहे. साठनंतर एकदम ऐंशीच येतात."

"हातातली कानस घसरली, सर."

"कानस घसरली म्हणे!" मागचा बाक खिदळला.

मग तिने परीक्षकांचा कागद समोर ठेवला. पहिलाच रकाना: वापरणारी व्यक्ती. कोरा. रकाना कोरा असेल तर वस्तूला गुण नाहीत, हा नियम सरांचाच. शिवाय परीक्षक त्या माणसाला बोलावून दोन प्रश्न विचारणार, हाही.

"आजोबांचं नाव टाकू?" ती म्हणाली. "त्यांनाही कमीच दिसतं. ते नाही म्हणणार नाहीत."

"ते काही मोजतात?"

"नाही. दिवसभर बातम्या ऐकतात."

टाक, असं म्हणायचं. एका शब्दाचं काम. पोरगी स्वतः दार उघडून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर दयाबिया काही नव्हती, होती ती फक्त घाई, सत्तरची खाच आत्ता नीट करावी की घरी नेऊन, एवढीच. परीक्षक आजोबांना विचारतील, सत्तरला काय होतं? आजोबांना काय माहीत सत्तरला काय होतं! ते फक्त मला माहीत आहे. या अख्ख्या इमारतीत फक्त मला.

"खाच खोल कर," ते बोलू लागले, "आणि पायऱ्या पाच नकोत, नऊ कर, म्हणजे मधली खाच शोधावी लागणार नाही... पन्नासला वेगळी खूण हवी, तिकोनी, मोजदाद चुकली तर परतायला... आणि हीच कल्पना करवतीच्या टेबलावर का नाही? तिथला आकडाही मला दिसत नाही, मी अंदाजाने..."

कानशी थांबल्या होत्या. सरसाच्या डब्यावरचं भांडण थांबलं होतं. आपण केव्हापासून मोठ्याने बोलतोय, हे त्यांना कळेना.

रकाना अजून कोराच होता. सरांचं नख पुन्हा पट्टीच्या कडेवरून सरकू लागलं. भीती आली, नाही असं नाही. पण तास सुरू झाल्यावर आलेल्या पोरासारखी दारातच उभी राहिली, आणि तिला आत ये म्हणायला सरांना आत्ता सवड नव्हती.