ओळखीचा माणूस

"साहेब, हे चित्र मी करणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. ताईने आजवर कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं.

"का हो?"

"ओळखीचा माणूस आहे."

"मग नाव मला सांगू नका," साहेब घाईने म्हणाले. "आणि बाहेरही कुठे..."

"माहीत आहे, साहेब."

इस्पितळात मेंदूचे स्कॅन होत. रुग्णाची संमती असेल तर त्यांतले काही दूरदूरच्या संशोधकांकडे जात. त्याआधी नाव, जन्मतारीख, पत्ता काढून टाकायचा. पण तेवढ्याने भागत नसे. स्कॅनचे काप एकावर एक रचले की अख्खा चेहरा उभा राहतो, अगदी कुणीही ओळखावा असा. म्हणून संगणक तो चेहरा खरवडून काढी आणि त्याच्या हातून काही सुटलं का, ते ताई डोळ्यांत तेल घालून पाही.

आज संगणकाने चेहरा तसाच सोडला होता. नाक डावीकडे कललेलं. लहानपणी सायकलवरून तोंडावर आपटलेल्या धाकट्या भावाला दवाखान्यात तिनेच उचलून नेलं होतं. आणि आत, कपाळामागे, पांढरा गोळा. ताई काही डॉक्टर नव्हती. पण हा गोळा कशाचा, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

ती रडली नाही. जागेवर येऊन तिने पुढचं चित्र उघडलं. दुपारी डबा खाल्ला. चव लागली नाही, एवढंच.

रविवारी धाकटा बायकोला घेऊन आला.

"ताई, तुम्ही तरी समजवा यांना," वहिनी म्हणाली. "सारखं डोकं धरून बसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की हसण्यावारी नेतात."

"अगं, तुझ्या बडबडीनं दुखतं ते," धाकटा म्हणाला.

वहिनी हसली. ताईही हसली. म्हणजे त्याने घरात कुणाला पत्ताच लागू दिला नव्हता. वहिनीला स्वयंपाकघरात नेऊन सांगून टाकावं, असं ताईच्या अगदी जिभेवर आलं. पण दुखणं त्याचं. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, तेही त्याचंच. तिने चहाचं आधण ठेवलं.

वहिनी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली, तसा तो खुर्ची ओढून जवळ बसला.

"ताई, तुमच्याकडे ते मेंदूचे फोटो येतात ना... त्यांत माणूस ओळखू येतो का गं?"

ताई चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

"छे रे. चेहरा आधीच पुसलेला असतो. नुसता मेंदू दिसतो. सगळ्यांचा सारखाच."

"असं होय," तो म्हणाला. त्याचे खांदे सैल पडले. "मी आपलं सहज विचारलं."

"साखर पुरे का बघ."

"घाल अजून एक चमचा. तू नेहमी हात आखडतेस."

तिने चमचाभर साखर घातली. तो सावकाश चहा प्यायला, वहिनी खाली आल्यावर तिला चिडवत राहिला.

निघताना तो बुटांची नाडी बांधायला खाली वाकला. नाडीची दोन टोकं त्याच्या बोटांत येईनात. वहिनी जिना उतरून पुढे गेली होती. ताई दार धरून उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली, त्याचं बांधून होईपर्यंत.