फ्यूजच्या जागी तार

बजरंगचा पहिला फटका हनुमंताच्या कानशिलावर बसला आणि दुसरा नाकावर. भोकरच्या स्टँडमागच्या पत्र्याच्या दुकानात गाड्यांचं वायरिंग करता करता हनुमंताची वीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकांच्या शिव्या त्यानं पोटभर खाल्ल्या होत्या, पण मार आजच पहिल्यांदा.

"तीन डाव उडाला तुझा फ्यूज! लोकायला येडं समजून राहिला का?"

"अरे, फ्यूज उडतो म्हंजी वायर कुठंतरी पत्र्याला घासून राहिली," हनुमंत नाक दाबत म्हणाला. "घंटाभर दे, शोधतो."

तिसरा फटका बसला. झालं बोलणं!

बजरंग घरचा शेतकरी. जुना टेम्पो घेऊन त्यानं त्याचं फिरतं घर केलं होतं: खाट, पंखा, छोटा फ्रिज आणि त्यांच्यासाठी खाटेखाली वेगळी मोठी बॅटरी; वायरिंग हनुमंताचं. माहूरच्या भाविकांना भाड्यानं द्यायचा बेत होता, पण पहिली फेरी आईची. मनकर्णाबाईचं खुब्याचं हाड मोडलेलं, चालणं बंद. रेणुकामातेच्या गडाला खालूनच हात जोडीन, म्हणाली होती बिचारी. वळणावर पडू नये म्हणून बजरंगनं तिला लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधलं होतं.

त्यानं खाटेखालचं झाकण उचकटलं, जळालेला फ्यूज भिरकावला आणि त्या जागी तांब्याची जाड तार पिळून घट्ट बसवली.

"आग लागंल बजरंगा! खाली बॅटरी हाय, वर म्हातारी हाय!"

"आमच्या गावच्या डीपीत मीच तार टाकतो. सगळ्या गावच्या पाण्याच्या मोटारी चालतात. तू मला शिकवू नको!"

कोण सांगणार या शहाण्याला, की डीपी पेटली तर माणूस लांब पळतो, इथं माणूस बांधलेलं होतं! हनुमंत पुढं सरकला तशी बजरंगनं जॅकची लोखंडी दांडी, टामी, उगारली.

"मारू नको रे त्याला," आतून मनकर्णाबाई कळवळली. बजरंगनं मागचं दार लावलं, बाहेरून कडी घातली आणि गाडी किनवटच्या रस्त्याला काढली.

हनुमंतानं नळाखाली नाक धरलं. पाणी लाल झालं. "जळू दे मुडद्याची गाडी!" तो मोठ्यानं म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. आणि मग त्याला ती पट्टीची गाठ आठवली. त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली, पाना कमरेला खोचला आणि मोटारसायकलला किक मारली.

दुसऱ्या फाट्यापाशी गाडी दिसली. उभी होती, आणि मागच्या खिडकीतून काळा धूर निघत होता. बजरंग चावी हातात घेऊन खुळ्यासारखा बघत उभा.

"चावी काढली तरी धूर कामून येऊन राहिला?"

"चावीचा अन् या बॅटरीचा काय संबंध? दार उघड!"

पण बजरंगला दिसला तो फक्त पाना. बदला घ्यायला आला, असंच त्याला वाटलं. टामी हनुमंताच्या खांद्यावर आदळली. हनुमंतानं पाना फिरवला. बजरंगच्या मनगटाचं हाड कडकन मोडलं. तो वाकला, तशी हनुमंतानं पोटात लाथ घातली, त्याला ओलांडून कडी काढली आणि आत घुसला.

गादीची कड पेटली होती. मनकर्णाबाई खोकत होती, पट्टीला हिसके देत होती. गाठ काही सुटेना. खाली तार लालभडक झाली होती, वायरचं प्लॅस्टिक ठिबकत होतं आणि ज्वाळा म्हातारीच्या पायाशी आल्या होत्या. पाना बाहेरच पडलेला. हनुमंतानं उजव्या हातानं ती लाल तार धरली आणि ओरडत उपटली. तळहाताची कातडी तिला चिकटून जळाली. ठिणग्या थांबल्या. गोधडी टाकून त्यानं आग दाबली, दातांनी गाठ तोडली आणि म्हातारीला कवेत धरून रस्त्यावर आणलं.

तोवर माणसं जमली होती. एकानं हनुमंताची कॉलर धरली. "ड्रायव्हरचा हात मोडतो का बे?"

"यानंच केलं सगळं!" बजरंग मोडका हात छातीशी धरून किंचाळला. "वायरिंग यानंच केलं! यानंच पेटवली!"

लोकांना तेवढंच हवं होतं. हनुमंत खाली पडला. लाथा बरगड्यांवर बसत होत्या, आणि तो जळका हात पोटाशी धरून कण्हत होता.

"थांबा रे!" मनकर्णाबाईचा आवाज फाटला. "पोलिसाला बोलवा. म्या सांगते. तार या माझ्या लेकानं टाकली, डोळ्यानं पाह्यली म्या. मला बांधलं बी यानंच, कडी बी यानंच घातली."

लाथा थांबल्या.

"माय, धुरानं तुला भरम झालाय..." बजरंग तिला उचलायला वाकला.

"हात लावू नको मला," ती म्हणाली. मग तिनं हनुमंताकडं हात पसरले. "मला दवाखान्यात ने रे बाबा."

हनुमंतानं उजवा हात उघडला. तारेचा तुकडा अजून तळहाताला चिकटलेला होता. त्यानं डावा हात पुढं केला.