पऱ्यांच्या वाटेला

महापालिकेच्या इमारतीखाली मोटारी ठेवायला तळघर खणायचं ठरलं आणि खणता खणता एका भिंतीमागे वाट निघाली. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद, पायाखाली मऊ माती, आणि ऊन कुठूनही येत नसताना सकाळच्यासारखा स्वच्छ उजेड. तिच्या तोंडाशी एक परी वाटाणे सोलत बसली होती.

पऱ्यांबद्दल आपण जे ऐकून असतो त्यातलं तिच्यात फारसं काही नव्हतं. उंची टेबलाएवढी, केस करकचून बांधलेले, पंख शालीसारखे अंगाभोवती गुंडाळलेले. खणणाऱ्यांकडे बघून ती म्हणाली, "फोडलीत ना भिंत? आता आलाच आहात तर पाय पुसून आत या."

मिस्त्री आत गेला तो थेट सासुरवाडीच्या माजघरात निघाला. सासूबाईंना कपाट हलवायचं होतं आणि त्या सकाळपासून जावयाची वाट बघत होत्या. एक गवंडी आपल्याच घरच्या मोरीतून बाहेर आला. लेकीला दात पडलेला दाखवायचा होता आणि बाबा येईपर्यंत ती तो मुठीतून सोडायला तयार नव्हती. जेवणाच्या सुट्टीत सगळेच असे कुठे कुठे पांगायचे. परत यायला अडचण नव्हती. मुकादम वाट बघतच असायचा.

बातमी वर महापौरांच्या दालनात पोचली. शहरातले रस्ते तेव्हा असे तुंबले होते की लग्नाला निघालेले लोक बारशाला पोचत. महापौरांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "वाहतुकीचा प्रश्न सुटला." वाटेला त्यांनी स्वतःचं नाव दिलं, पाटीसाठी फोटो निवडला, आणि मुलामाला बोलावलं.

मुलामा म्हणजे पालिकेचा प्रसिद्धी अधिकारी. हे त्याचं टोपणनाव. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणत. रस्त्यातल्या खड्ड्याला तो 'तात्पुरता जलसाठा' म्हणायचा आणि कचऱ्याच्या ढिगाला 'वर्गीकरणाच्या प्रतीक्षेतलं साहित्य'. एकदा पालिकेचा पूल पडला, तेव्हा त्याने 'नदीपात्र पुन्हा मोकळं' असं निवेदन काढलं होतं. महापौरांचा त्याच्यावर भारी जीव आहे, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"आधी तू जाऊन ये," महापौर म्हणाले. "मला तोंडघशी पडायचं नाही."

मुलामा तळघरात उतरला. बुटांना चिखल लागू नये म्हणून फळ्यांवरून चालत तो वाटेशी आला आणि परीला म्हणाला, "मला साहेबांच्या बंगल्यावर निघायचंय."

"ते तू नाही ठरवायचं," परी म्हणाली. "वाट असते कशी? कुणीतरी बघतं म्हणून असते. जो तुझी वाट बघतोय, त्याच्यापाशी निघशील."

"आणि एकाच वेळी बरेच जण बघत असले तर?" मुलामाने नम्रपणे हसून विचारलं.

"तुझ्यासारखे सगळे आधी हेच विचारतात," परी म्हणाली आणि तिने नवी शेंग घेतली.

मुलामा चालू लागला. माती मऊ होती, हवा छान होती. आपली वाट कोण जास्त आतुरतेने बघत असेल याचा तो अंदाज बांधत होता. साहेब? की वर्तमानपत्रवाले? की त्याच्या व्याख्यानाने भारावून गेलेलं ते ज्येष्ठांचं मंडळ? समोर उजेड वाढला तसा त्याने सदरा नीट केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि बाहेर पाऊल टाकलं.

समोर वाटाण्याची टोपली होती.

"दमलास का?" परीने विचारलं.

"तुमची वाट बिघडली आहे."

"वाट ठीक आहे. तुझी कुणी वाट बघत नाहीये."

मुलामाने खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. "यात किती माणसांचे नंबर आहेत, कल्पना आहे? मंत्र्यांपासून सगळे. माझा फोन गेला की..."

"उचलतात?"

मुलामाने फोन खिशात घातला.

संध्याकाळी त्याने आणखी एकदा प्रयत्न केला. या वेळी त्याला खात्री होती, कारण बायको घरी आली असणार होती. पुन्हा टोपलीच. परीने तर मान वर करण्याचीही तसदी घेतली नाही. शेवटी तो बसने घरी गेला, उभ्याने.

त्याची बायको दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. अधूनमधून काम घरीही आणायची. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी प्लॅस्टरचे जबडे रांगेत मांडलेले असायचे आणि ती भिंगातून बघत एकेक दात घासत बसायची. मुलामा आला तेव्हा तिचं जेवण झालं होतं. त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं.

"तू माझी वाट बघत नव्हतीस?" त्याने दारातूनच विचारलं.

"आज?"

"आज म्हण, काल म्हण."

तिने भिंग बाजूला ठेवलं. तिला राग आलेला नव्हता, आणि मुलामाला नेमकं तेच झोंबलं. "पूर्वी बघायचे," ती म्हणाली. "तुम्ही येतो म्हणायचात आणि यायचा नाहीत. मग तुम्ही निवेदनं काढायचात, रस्ता, बैठक, साहेब. पुढे पुढे मी जेवून घ्यायला लागले. आता बरं चाललंय माझं."

"म्हणजे मी घरी नाही आलो तरी तुला चालेल?"

"या की. घर तुमचंही आहे. वाट बघणं वेगळं."

मुलामा जेवायला बसला. समोरचे जबडे सगळे उघडे होते आणि त्यातला एकही त्याच्या बाजूने बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने महापौरांना सांगितलं, "मार्ग अप्रतिम आहे, साहेब." दुसरं काय सांगणार? वाट कुठे पोचत नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. आरोग्य खात्याचे प्रमुख आणि मुख्य अभियंताही पाहणी करून आले होते. दोघांच्याही बुटांना तीच माती लागली होती, दोघंही एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते. अभियंता म्हणाला, "अप्रतिम." आरोग्यप्रमुख म्हणाले, "मी तर अवाक झालो." यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

उद्घाटन ठरलं. महापौर तळघरातल्या तोंडातून आत जाणार आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रीडांगणावर, प्रकट होणार. ते तिथेच निघावेत म्हणून मुलामाने क्रीडांगणावर वाट बघणारी गर्दी जमवली. जेवणाचे डबे मिळणार म्हटल्यावर लोक बसगाड्या भरभरून आले. हातात झेंडे होते, गळ्यात महापौरांचे फोटो होते, आणि डोळे डब्यांच्या टेम्पोकडे लागले होते.

आणखी एक काळजी मुलामाने घेतली. महापौरांच्या दालनाबाहेरच्या अभ्यागत कक्षात रोज माणसं बसून असत. ऐन सोहळ्यात कुणी गाऱ्हाणं घेऊन खाली येऊ नये म्हणून त्याने शिपायाला कक्षाला बाहेरून कडी घालून कुलूप लावायला सांगितलं. शिपाई कुलूप लावून किल्लीसकट क्रीडांगणावर गेला, कारण डबा त्यालाही हवा होता.

दुपारी बँड वाजला. महापौरांनी फीत कापली, परीला नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "तुम्ही जरा बाजूला बसाल का? फोटोत टोपली येतेय."

"येऊ दे," परी म्हणाली.

महापौर हात हलवत आत गेले. क्रीडांगणावर निवेदक ओरडला, "कुठल्याही क्षणी!" आणि त्याच क्षणी टेम्पोचं दार उघडलं. गर्दीने वाटेकडे पाठ केली.

महापौर निघाले ते दोन मजले वर, अभ्यागत कक्षात, बंद पडलेल्या पाण्याच्या यंत्रामागून. असा कक्ष आहे हे ते विसरूनच गेले होते, कारण दालनाला मागचं दार होतं आणि ते त्याच दाराने येत-जात. समोरच्या बाकांवर बसलेली माणसं मात्र त्यांना विसरली नव्हती. एका बाईंच्या नळाला नुसती हवा येत होती. एका न्हाव्याच्या दुकानासमोर खणलेला चर बुजवायचा राहून गेला होता आणि गिऱ्हाईकं फळीवरून तोल सांभाळत दाढीला येत होती. कोपऱ्यातले आजोबा पालिकेच्या दफ्तरी वारलेले होते. तसं काही झालेलं नाही हे सांगायला ते रोज स्वतः येत.

"आलात," आजोबा म्हणाले. "बसा."

महापौरांनी दार ओढून पाहिलं. बाहेर कुलूप. त्यांनी मुलामाला फोन लावला.

"कुठे निघालात, साहेब?" मुलामाने आनंदाने विचारलं.

"अभ्यागत कक्षात. दार कुणी लावलंय?"

मुलामाने मनात हिशेब केला. किल्ली शिपायाकडे, शिपाई क्रीडांगणावर, आणि मधे ते तुंबलेले रस्ते. तो म्हणाला, "आवाज येत नाहीये, साहेब," आणि फोन बंद केला. तळघरात त्याच्याभोवती बँडवाले होते, पत्रकार होते. लपायला जागा नव्हती. मग त्याच्या डोक्यात आलं की अशी एक जागा आहे. आपली कुणीच वाट बघत नाही. तेव्हा आत शिरावं, निवांत चालत राहावं, आणि प्रकरण थंडावलं की होतो तिथेच बाहेर यावं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या एकटेपणाचा काही उपयोग दिसला.

तो परीला ओलांडून आत घुसला.

"पाय पुसून," परी म्हणाली.

आत पोचला, दम घेतला, हळूहळू चालू लागला. पण या वेळी वाट भलतीच आखूड निघाली. चार पावलं टाकतो न टाकतो तोच तो पाण्याच्या यंत्राला धडकून बाहेर आला. समोर महापौर उभे होते, लालबुंद.

"ये," ते म्हणाले. "तुझीच वाट बघत होतो."

न्हावी शेजारच्या बाईंना म्हणाला, "बघा, आत आल्या आल्या भेट मिळाली. ओळख लागते."

शिपाई येईपर्यंत दोघं तिथेच होते, कारण कुलूपबंद खोलीतून दुसरीकडे जायला वाट फुटेना. दोघांचीही बाहेर कुणी वाट बघत नव्हतं. महापौरांचं आधी मुलामाला मनसोक्त बोलून झालं, मग त्यांना बाकावर बसावंच लागलं. त्यांनी नळाचं ऐकलं, चराचं ऐकलं. आजोबांना जिवंत करण्याला तत्त्वतः मान्यता दिली.

दुसऱ्याच दिवशी वाटेत काँक्रीट ओतलं गेलं. 'नागरिकांच्या सुरक्षेसाठी' असं निवेदन निघालं. मुलामाचं ते शेवटचं. परी आदल्या संध्याकाळीच टोपली काखेत मारून निघून गेली होती. मिस्त्रीने तिला विचारलं होतं, "आता कुठे?" तर म्हणाली होती, "खाली जागा पुष्कळ आहे. तुम्ही फोडत राहाल, आम्ही सरकत राहू." मिस्त्री काही दिवस हळहळला. सासूबाईंकडे जायला आता दोन बस बदलाव्या लागत.

चर अजून तसाच आहे. आजोबा अजून येतात.

मुलामाची बदली जुन्या पाणीमीटरांच्या गोदामात झाली. तिथे मीटरं आणि एक मांजर यांखेरीज कुणी नव्हतं आणि दोघांनाही निवेदन नको होतं. तो दिवसाउजेडी घरी यायला लागला. बायकोला सुरुवातीला त्याचा त्रासच झाला. खिडकीशी तिच्या जबड्यांची जागा होती आणि तिथेच हा चहाचा कप घेऊन उभा राहायचा.

एकदा तिच्याकडे कवळ्यांचं काम फार आलं आणि तिला यायला उशीर झाला. दार उघडलं तर मुलामा भात करपवून बसला होता.

"फोन करायचा ना," तो म्हणाला. "केव्हाचा खिडकीत उभा आहे मी."

"बैठक होती," ती म्हणाली, चपला काढल्या, आणि करपलेलं पातेलं भिजत घालायला आत गेली.