तिसऱ्या मजल्याची खाट

रत्नागिरीच्या रहमानभाईंच्या सुतार घराण्यात एक रीत होती. खाट तयार झाली की आधी सुताराने तिच्यावर आडवं व्हायचं. जिच्यावर आपल्याला पाठ टेकवत नाही, ती दुसऱ्याला देऊ नये, असं वडील म्हणत. कतारात येऊन आठ वर्षं झाली तरी भाईंनी ही रीत सोडली नव्हती, भले लोक हसोत.

त्र्याऐंशी साली कंपनीने त्यांना सुतारकामाचं नवं मशीन शिकायला जर्मनीला धाडलं. तिथल्या उस्तादाने रविवारी त्यांना डाखाऊची जुनी छावणी दाखवायला नेलं. नाझींनी तिथे माणसं कोंडून मारली, एवढंच त्याने वाटेत सांगितलं.

भाईंनी आत पाऊल टाकलं. केवढं ते मैदान! पाडलेल्या बराकींच्या जागी नुसती खडी, रांगांमागून रांगा. शेकडो माणसं दबक्या पावलांनी फिरत होती. एक बराक जुन्यासारखी पुन्हा उभारली होती. तिच्यात तीन मजली खाटा. सवयीने भाईंनी वीत टाकली. दोन मजल्यांमध्ये उठून बसण्यापुरतीही जागा नव्हती.

"ही छावणी कैद्यांकडूनच बांधून घेतली," उस्ताद म्हणाला.

म्हणजे त्यांत सुतारही असणार! तिथेच मान खाली घालून भाईंनी मृतांसाठी फातेहा पढला. मेलेले कुठल्या धर्माचे, हा विचारही मनात आला नाही.

कतारात परतल्यावर त्याच आठवड्यात अल खोरच्या कामगारांच्या खोलीत सुपरवायझर सदानंदने त्यांना बोलावलं. "भाई, आणखी बारा माणसं येतायत. या खाटांवर तिसरा मजला चढवा. यल्ला, आटपा, शुक्रवारच्या आत."

भाईंनी मापाने एक फळी वर ठोकली आणि तिच्याखाली स्वतः आडवे झाले. कूस बदलायला गेले तर खांदा अडला. ते तसेच पडून राहिले. डोळ्यांसमोरून ती बराक हलेना.

मग खाली उतरून म्हणाले, "माझ्यान नाय व्हायचा."

"तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. साहेबाला नाही म्हटलंत की खलास!"

भाईंच्या घरी सहा खाणारी तोंडं होती. तरी त्यांनी फळीचे खिळे उपसायला घेतले.

"हा कॅम्प जर्मनीतला तो नाय, कळता मला, सदानंदराव. पण तिथल्या सुतारांच्या पाठीला बंदूक होती. त्यांना नाय म्हणता येत नव्हता." फळी त्यांनी सदानंदच्या हातात दिली. "मला येता."